ह्योका: रहस्यमालिका म्हणून कितपत भक्कम? (सगळे उलगडे उघड केलेले आहेत)

निळीशाई
'ह्योका' बघितलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. क्योटो अ‍ॅनिमेशनची २०१२ ची जपानी अॅनिमे मालिका, दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो, मूळ कथा होनोबु योनेझावा यांच्या कादंबऱ्यांतली. २२ भाग आणि वर एक जादा भाग (११.५). कामियामा हे गाव काल्पनिक आहे, पण गिफू प्रांतातल्या ताकायामावर बेतलेलं. तिथल्या हायस्कुलातलं बंद पडायला आलेलं अभिजात साहित्य मंडळ आणि त्याचे चार सभासद: अंगाला तोशीस न लावणारा ओरेकी, कुतूहलाने पेटणारी चितांदा, सगळं माहीत असूनही निष्कर्ष काढायला नकार देणारा सातोशी आणि कडक मायाका.

खून नाहीत. खोलीला कुलूप कोणी लावलं, वाचनालयातलं एकच पुस्तक दर शुक्रवारी कोण नेतं, अशी कोडी. माझं मत असं की एका भागात संपणारी कोडी अस्सल आहेत, लांब कथानकं मात्र रहस्य म्हणून ढिली पडतात आणि चित्रण त्यांना सावरून नेतं. चित्रं बाजूला ठेवली, नुसता युक्तिवाद कागदावर मांडला, तर तो टिकतो का? यावर बोलूया.

कोडेबाज
छोट्या कोड्यांबद्दल सहमत. पहिल्या भागातली कुलूपबंद खोलीच घ्या. ओरेकी किल्लीने दार उघडून आत जातो तर आत चितांदा उभी, आणि आपण कोंडले गेलो होतो याचा तिला पत्ताच नाही. उलगडा असा की शाळेचा कर्मचारी मजल्यावरच्या सगळ्या खोल्या एकदम उघडतो, काम उरकतो आणि सगळ्यांना एकदम कुलूप लावत जातो. लागणारा सगळा माल आधीच आपल्यासमोर टाकलेला आहे: शिडी घेतलेला तो कर्मचारी, खालून येणारा आवाज, खिडकीबाहेर बघण्यात गुंगलेली चितांदा. ज्याने लक्ष दिलं त्याला ओरेकीच्या आधी उत्तर सापडू शकतं. रहस्यकथेची खरी कसोटी हीच.

दुसऱ्या भागातलं पुस्तकही तसंच. दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एखादी मुलगी ते नेते, त्याच दिवशी परत करते, आणि दर वेळी मुलगी वेगळी. एवढा जाडजूड शालेय इतिहास कोणी दोन तासांत वाचत नाही, म्हणजे वाचायला नेलेलाच नाही. पुस्तकाला थिनरचा वास येतोय. शुक्रवारी दुपारी चित्रकलेचा जोडतास. चित्रात धरायला देखण्या बांधणीचं पुस्तक हवं होतं, बस्स. वास आपल्याला पडद्यावर येणार नाही, पण चितांदा तो हुंगून सांगते, म्हणजे दुवा लपवलेला नाही.

रातकिडा
कोडेबाज, तुम्ही सोयीचे भाग निवडलेत. सातवा भाग काढा की! गरम पाण्याच्या झऱ्याजवळचं विश्रामगृह, रात्री समोरच्या खोलीत लटकणारी भुताची सावली. वाळत घातलेला युकाता (सुती किमोनो) आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. उरतो तो धाकट्या बहिणीने तो न विचारता का नेला हा प्रश्न, आणि त्याचंही उत्तर मोठी बहीण वस्तूंवर नाव लिहून ठेवते तिथेच मिळतं. त्यात स्नानगृहाची दृश्यं उगाच लांबवलेली.

शिवाय 'मला जाणून घ्यायचंय!' हे चितांदाचं पालुपद. सुरुवातीला गोड वाटतं, पण पुढे पुढे कथेला ढकलायची ती कळ होऊन बसते. ओरेकीला कामाला लावायला दुसरं कारण लेखकाला सुचत नाही तेव्हा ती कळ दाबली जाते.

फ्रेमवेडा
'चित्रण सावरून नेतं' हे वाक्य खटकलं. या मालिकेत चित्रण युक्तिवादाचंच काम करतं. ओरेकी विचार करू लागला की प्रत्येक वेळी नवी चित्रशैली येते: कुठे कागदी कात्रणं, कुठे हवेत तरंगणारी अक्षरं, कुठे आराखड्यावर चालणाऱ्या बाहुल्या. बोलून दाखवलेला निष्कर्ष कानावरून निघून जातो. तोच नकाशावर हलताना दिसला की त्यात कुठे फट आहे तेही दिसतं. पहिल्या भागात चितांदाच्या कुतूहलाबरोबर तिचे केस वेलीसारखे वाढून ओरेकीला वेढतात. त्याची ऊर्जा वाचवण्याची शपथ तिथे मोडली हे सांगायला एकही वाक्य खर्च केलेलं नाही.

रंगांकडेही बघा. ओरेकी स्वतःचं आयुष्य करडं म्हणतो, इतरांचं गुलाबी. खोलीतला उजेड त्या हिशेबाने हलतो. पात्ररचना फुतोशी निशिया यांची. ते आणि ताकेमोतो दोघेही जुलै २०१९ मध्ये स्टुडिओला लावलेल्या आगीत गेले. एकूण ३६ जणांचा जीव गेला. त्यांच्या हातातली ही नजाकत पुन्हा होणे नाही.

सदाफुली
रातकिडा, सातव्या भागाबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण त्या भागाचा गाभा भुतात नाहीच. एकुलती एक चितांदा बहिणींच्या नात्याबद्दल मनात एक चित्र घेऊन बसलेली असते, त्या चित्राला तडा जातो.

मला बोलायचंय ते ८ ते ११ या भागांबद्दल, कारण मालिकेतलं सर्वात कसलेलं रहस्य तिथे आहे आणि बरेच जण तिथेच कंटाळून सोडतात. २-फ वर्ग शाळेच्या महोत्सवासाठी रहस्यपट बनवतोय. पटकथा लिहिणारी होंगो आजारी पडली आणि चित्रपट अर्धवट राहिला. ओसाड वस्तीतलं नाट्यगृह, सहा विद्यार्थी आत जातात, त्यातला एक बंद खोलीत मरून पडलेला. खुनी कोण? वर्गातले तिघे आपापलं उत्तर मांडतात. एक म्हणतो खुनी खिडकीतून गेला, तर बाहेरचं उंच गवत तुडवलेलं नाही. दुसरा म्हणतो वरच्या मजल्यावरून दोर सोडून खिडकीतून शिरला, तर ती खिडकी सहजासहजी उघडतच नाही. तिसरी सरळ भुतावर ढकलते. मग ओरेकीचं चमकदार उत्तर: कॅमेरा धरणारा हाच सातवा माणूस आणि तोच खुनी.

उत्तर अफलातून आहे आणि चूक आहे. ते चूक ठरवणारे तिघे मंडळातलेच, हे मला सगळ्यात आवडतं. मायाका विचारते, होंगोने माणसाचं वजन पेलेल असा दोर मागवला होता, तो तुझ्या उलगड्यात कुठे गेला? सातोशी सांगतो, होंगोने अभ्यास केला तो फक्त होम्सच्या गोष्टींचा, त्यात प्रेक्षकाला निवेदनातून फसवण्याची ही युक्ती येत नाही. आणि चितांदाला हवं असतं होंगोच्या मनातलं. होंगोने होम्सच्या कथांवर केलेल्या खुणा नीट बघा: दुःखान्त कथांवर फुली आहे. तिला मुळात कोणी मरायलाच नको होतं. वर्गाने हौसेने खून घुसवला आणि तिला 'नको' म्हणता आलं नाही.

पानगळ
+१ सदाफुली. एक पुरवणी: रक्ताचं सामान होंगोने फारच कमी सांगितलं होतं. तो दुवा आधीच येऊन जातो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. दुसऱ्यांदा बघताना तिथे अंगावर काटा येतो.

या कथानकाला अँथनी बर्कलेच्या 'द पॉइझन्ड चॉकलेट्स केस'चा आधार आहे: एकाच गुन्ह्याची एकामागून एक उत्तरं, प्रत्येक पटणारं, प्रत्येक पुढच्याने मोडून काढलेलं.

रातकिडा
सदाफुली, रचना कागदावर उत्तम, हे मी नाकारत नाही. अडचण सादरीकरणात आहे. विद्यार्थ्यांचा तो हौशी चित्रपट मुद्दाम वाईट काढलेला, कॅमेरा हलतोय, उजेड नाही, सहाही जणांचे चेहरे सारखेच अनोळखी. वर डझनभर नवी नावं. कोणाकडे कुठली किल्ली होती, कोण रंगमंचाच्या कुठल्या बाजूला होतं, हे एका बैठकीत डोक्यात राहत नाही. छापील कादंबरीत आराखड्याचं पान उलटून बघता येतं. इथे ते दोन सेकंद दिसतं. मग प्रेक्षक कोडं सोडवणं सोडून देतो आणि ओरेकीला या कामाला लावणारी २-फ ची इरिसु काय बोलते तेवढंच ऐकतो.

सदाफुली
त्यावर उपाय सोपा आहे. आठव्या भागात नाट्यगृहाचा आराखडा येतो तिथे थांबवा, कागदावर ढोबळ काढून घ्या: मधे रंगमंच, दोन बाजूंच्या खोल्या, वरची नियंत्रण खोली. चित्रपटातल्या सहाही जणांची नावं शेजारी मांडा. पुढच्या तिन्ही उत्तरांना तो कागद समोर लागतो.

काजवा
मी अजून बघितलेली नाही, उलगडे वाचले तरी चालतात. तो ११.५ भाग कधी बघायचा? आणि सबटायटल की डब?

पानगळ
११ नंतर लगेच बघा. ११ मध्ये ओरेकी पुरता खचतो. ११.५ मध्ये तो जलतरण तलावावर देखरेखीला बसलेला असतो आणि तो खचलेपणा अजून अंगावर आहे. तो भाग गाळून १२ ला गेलात तर तो अचानक महोत्सवात हिंडायला लागलेला दिसतो, मधलं सावरणं निसटतं. आणि जपानी आवाजच ऐका, सबटायटलसह. चितांदाच्या आवाजातली किंचित घाई सबटायटलमध्ये कशी येणार!

कोडेबाज
१२ ते १७, म्हणजे महोत्सव. यावर भांडण होणारच, म्हणून सुरुवात करतो.

प्रकरण असं: महोत्सवात एकेका मंडळातून एकेक क्षुल्लक वस्तू चोरीला जाते, मागे चिठ्ठी आणि महोत्सवाची मार्गदर्शिका ठेवलेली असते. मंडळाच्या नावाचं पहिलं अक्षर आणि वस्तूचं पहिलं अक्षर एकच. आणि क्रम? अ, इ, उ, ए, ओ, मग क पासून पुढे. जपानी अक्षरमालेचा हा क्रम भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून घडला. इंग्रजी सबटायटलवर अवलंबून असणाऱ्याला चोराचा क्रम समजावून घ्यावा लागतो. बाराखडी घोकलेल्या मराठी प्रेक्षकाला तो चौथ्या चोरीच्या आत कानानेच कळतो. आकापेला मंडळ, इगो मंडळ, भविष्य सांगणारं उरानाई मंडळ... पुढे कोण ते आपण सांगू शकतो!

आणि म्हणूनच गाळलेलं अक्षर आपल्याला लगेच टोचतं. की नंतर थेट के, मधला 'कु' नाही. सगळ्या कथानकाची किल्ली त्या गाळलेल्या 'कु'मध्ये आहे.

रातकिडा
किल्ली आहे खरी, पण ती ओरेकीच्या हाती पडते कशी ते सांगा ना! चोराचा माग एका जुन्या हस्तलिखितवजा मांगापर्यंत (जपानी चित्रकथेपर्यंत) जातो. तो मांगा ओरेकीला मिळतो अदलाबदलीतून: पेन देऊन काही घ्यायचं, ते देऊन दुसरं, मधे पिठाची पिशवी, आणि शेवटी त्याची बहीण येऊन मांगा टेकवते. निर्णायक पुरावा बहीण आयता आणून देते. याला तपास म्हणत नाहीत. चित्रपटाच्या प्रकरणातही पडद्यामागे इरिसुशी बोलणारी तीच. एकाच मालिकेत दोनदा बहिणीच्या हातून गाडं पुढे सरकतं. माझ्या मते मालिकेतला हा सर्वात मोठा दोष आहे, कंटाळवाणेपणाहून मोठा.

पानगळ
दोष आहे, मान्य. पण तो मूळ कादंबऱ्यांत पेरलेला आहे. पहिल्या कादंबरीचं पहिलं प्रकरणच बहिणीने बनारसहून धाडलेलं पत्र. ती जगभर भटकते आणि घरात पडून राहणाऱ्या भावाला लांबून ढोसते. वाचकाला हे पात्र सुरुवातीपासून माहीत असतं. मालिकेत ती फार थोडा वेळ दिसते, चेहरासुद्धा धड दाखवत नाहीत, म्हणून तिने मांगा देणं आभाळातून पडल्यासारखं वाटतं.

आडवाट
महोत्सवाचं कथानक चोरीसाठी बघाल तर सहा भाग जास्तच आहेत. ते बघायचं तीन जोड्यांसाठी. तानाबे (आयोजन समितीतला, चोर तोच) आणि कुगायामा (त्या जुन्या मांगाचा चित्रकार, गाळलेला 'कु' तोच), मांगा मंडळातली कोची आणि त्या मांगाची लेखिका आंजो, सातोशी आणि ओरेकी. तिन्हीकडे एकजण मेहनत करतो आणि शेजारच्याकडे ते सहज असतं.

कुगायामाला चित्रकला उपजत आहे, पण आंजोने लिहून दिलेली पुढची संहिता त्याने उघडूनही बघितलेली नाही. तानाबेने एवढ्या चोऱ्या रचल्या त्या त्याला एकच विचारायला: वाचलीस का? कोची मायाकाशी वाद घालते की थोर मांगा असं काही नसतं, सगळं आवडीवर असतं. कारण आंजोने लिहिलेला तो मांगा वाचताना तिला स्वतःची पायरी कळली आणि ती पुढे वाचूच शकली नाही. सातोशीने चोराला पकडायला पहारा दिला, धावपळ केली, हात रिकामे. ओरेकीने खोलीत बसून उत्तर काढलं. सातोशी तेव्हा म्हणतो की 'अपेक्षा' हा शब्द हार मानलेल्यानेच दुसऱ्यासाठी वापरायचा असतो. तिन्ही जोड्या एकमेकांना न भेटता हीच गोष्ट सांगतात. चार भागांत हे बसलं नसतं.

मायाकाच्या चुकीने ३० ऐवजी २०० प्रती छापून आलेलं मंडळाचं मासिक 'ह्योका' हा धागाही वाया जात नाही. ओरेकी तानाबेला गाठतो तेव्हा गप्प राहण्याच्या बदल्यात ३० प्रती आयोजन समितीच्या गळ्यात घालतो. सत्याचा सौदा करणारा नायक अशा शालेय मालिकेत क्वचितच सापडतो.

फ्रेमवेडा
आणि स्वयंपाकस्पर्धा! मायाकाची पाळी येईस्तोवर चितांदाने साहित्य संपवलेलं, ओरेकी वरच्या खिडकीतून पिठाची पिशवी टाकतो. रातकिडाच्या अदलाबदलीतलीच ती पिशवी. अशी गुंफण सहज होत नाही.

काजवा
एवढं सगळं ओरेकीने स्वतः वाचलं नसतं, सातोशीकडून सारांश मागवला असता 😄

निळीशाई
मुख्य प्रश्नाकडे येते. एकोणिसाव्या भागाचं नाव अजून कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. एक खोली, दोन माणसं, एक वाक्य. ओरेकीला सिद्ध करायचं असतं की तर्क कशालाही चिकटवता येतो, त्याचा तर्क बरोबर ठरतो तो नशिबाने. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर घोषणा होते: ३१ ऑक्टोबरला स्थानकासमोरच्या कोबुन्दो दुकानात ज्याने काही घेतलं असेल त्याने ताबडतोब शिक्षक कक्षात शिबाझाकींकडे यावं.

बघा तो कसा पिळून काढतो. घोषणा शाळा सुटल्यावर आणि एकदाच, म्हणजे उद्यापर्यंत थांबायला वेळ नाही आणि गडबड आहे. बोलावणं उपमुख्याध्यापकांचं, म्हणजे नेहमीची शिस्तीची भानगड नाही, प्रकरण मोठं आणि गुपचूप. कौतुक असतं तर काय घेतलं तेही सांगितलं असतं. ३१ तारीख म्हणजे कालच, मग 'काल' का नाही म्हटलं? कारण तारीख कुठून तरी उतरवून घेतलीय: कोणीतरी दुकानदाराला माफीचं पत्र लिहिलंय आणि त्यात ती तारीख आहे. नुसती वस्तू उचलली असती तर दुकानदाराने पत्र घेऊन विषय मिटवला असता. पोलीस शाळेपर्यंत आलेत म्हणजे त्याहून गंभीर: बनावट नोट. एका विद्यार्थ्याने हाती आलेली दहा हजार येनची खोटी नोट खपवली आणि मन खाऊ लागलं म्हणून पत्र धाडलं.

चित्रण काढून घेतलं तरी हा भाग कागदावर उभा राहतो. कोडेबाज, तुमच्या कसोटीवर हाच पहिला यावा.

कोडेबाज
येतोच. हॅरी केमेलमनच्या 'नऊ मैलांची चाल' या कथेचा नमुना समोर ठेवून लिहिलेला आहे: एका वाक्यावरून साखळी. पण एक पाहिलंत का? साखळीची प्रत्येक कडी 'बहुधा'ची आहे. घोषणा घाईत झाली म्हणून एकदाच केली असेल किंवा करणारा विसरलाही असेल. ओरेकीचा युक्तिवाद पुराव्यावर उभा नसतो, पटण्यावर उभा असतो. चित्रपटाच्या प्रकरणात तो आपटतो तो याचमुळे. मालिकेला हे ठाऊक आहे. म्हणून मी त्याला दोष म्हणत नाही.

रातकिडा
इथे मी तुमच्या बाजूने आहे. पाचव्या भागात याच कारणाने पोटात गोळा येतो. त्याआधीच्या भागात चौघं चार कागदपत्रं आणतात: मासिकाचा जुना अंक, विद्यार्थी चळवळीचं पत्रक, भित्तिपत्रक, शाळेचा पन्नास वर्षांचा इतिहास. त्यावरून ओरेकी ठरवतो की चितांदाचा मामा १९६७ च्या आंदोलनाचा नायक होता आणि स्वखुशीने शाळा सोडून गेला. तारखा, घटना सगळं जुळतं. मग लहानपणी मामाचं बोलणं ऐकून चितांदा रडली ती का? ग्रंथपाल बाई स्वतः त्या काळातल्या, त्यांना विचारल्यावर कळतं की त्याला बळीचा बकरा केलं होतं. कागद खरे होते आणि निष्कर्ष खोटा. त्याची किंकाळी मासिकाच्या नावात दडलेली होती: 'ह्योका' म्हणजे आइसक्रीम, इंग्रजीत 'आय स्क्रीम', मी किंचाळतो. ती श्लेषाची कोटी मात्र मला ओढून ताणून वाटते. एवढ्या दुःखाला तेवढीशी युक्ती पेलत नाही.

सदाफुली
मला पेलते, कारण त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. उघड बोलायची सोय नव्हती, मासिकाला नाव देणं एवढंच हातात होतं.

आडवाट
अठराव्या भागाचं कोणीच काढलं नाही. इंग्रजीच्या तासापेक्षा हेलिकॉप्टर आवडणारे ओगी मास्तर, एवढीच आठवण. ओरेकीला एक विसंगती खुपते: हेलिकॉप्टर एकदाच खिडकीशी धावत जाऊन पाहिलं, एरवी ढुंकूनही नाही. तो स्वतःहून वाचनालयात जाऊन जुनी वर्तमानपत्रं काढतो. मास्तरांचे गिर्यारोहक सहकारी डोंगरात अडकले होते, हेलिकॉप्टर उडालं म्हणजे हवा निवळली, शोध सुरू होणार. चितांदा विचारते, एवढे कष्ट का घेतलेस? तर म्हणतो, खरं न जाणता 'त्यांना हेलिकॉप्टर आवडायचं' असं सांगत फिरणं बरं नव्हे. इथे गुन्हा नाही, कोणी विचारलेलंही नाही. उलगड्याला पुरावा आहे आणि कारणही आहे. दोन्ही कसोट्यांवर उतरणारा माझ्या मते हाच एक भाग.

निळीशाई
हे पटलं. माझं मत थोडं बदलते: लांब कथानकं ढिली नाहीत, महोत्सवातली बहिणीची मदत तेवढी ढिली आहे. एकविसाव्या भागातल्या चॉकलेटबद्दल काय? मायाकाने सातोशीसाठी बनवलेलं व्हॅलेंटाइनचं चॉकलेट त्यानेच फोडून पिशवीत भरून नेलं आणि ओरेकीने चितांदाला दुसऱ्याच कोणाचं नाव सांगून गप्प केलं. पहिल्या भागातही संगीताच्या खोलीपर्यंत चालायचा कंटाळा म्हणून त्याने बनावट गुप्तमंडळाची चिठ्ठी फलकावर लावली होती.

आडवाट
पहिल्या भागात तो कष्ट वाचवायला खोटं बोलला, एकविसाव्यात मित्राला वाचवायला. म्हणून मी ते भाग जोडीनेच बघायला सांगेन. चितांदाला मात्र दोन्हीकडे सत्य मिळालं नाही, आणि मालिका तिच्या बाजूने त्याचा जाब कधी विचारत नाही. हा दोष बहिणीच्या मदतीहून मला जास्त लागतो.

पानगळ
काजवा, २२ वा भाग ३ एप्रिलच्या जिवंत बाहुल्यांच्या मिरवणुकीचा आहे. हा उत्सव ताकायामाजवळ हिदा इचिनोमिया इथल्या मिनाशी देवळात खरोखर भरतो. पूल अचानक बंद होतो, मिरवणूक वळसा घालते, आणि तो वळसा कोणी घडवून आणला यातच कोडं आहे. वाटेवर फुललेलं चेरीचं झाड नीट बघून ठेवा. मालिकेत पहिल्या चार पुस्तकांतला मजकूर संपला, पुढचं पुस्तक २० किलोमीटरच्या शालेय दौडीत घडतं आणि त्यावर अजून अ‍ॅनिमे नाही.